‘माहेरची साडी’ आणि ‘उंबरठा’ : आमच्या गटातला वाद



वागळे इस्टेटमधला आमचा बायकांचा गट महिन्यातून एका रविवारी एकत्र सिनेमा बघतो आणि त्यावर बोलतो. सर्वांत मोठा वाद झाला तो ‘माहेरची साडी’ (१९९१) आणि ‘उंबरठा’ (१९८२) यांवरून.

कार्यकर्त्या म्हणाल्या, अलका कुबलची सून सोसत राहते. स्मिता पाटीलची सुलभा घराबाहेर पडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. चांगला सिनेमा कुठला, ते उघड आहे.

पॅकिंगला जाणारी एक बाई म्हणाली, “सुलभा शिकलेली. तिची मुलगी सांभाळायला घरात माणसं होती. मी पोरं कुणाकडे ठेवू?”

रडणाऱ्या बाईला मागासलेली म्हणणं सोपं आहे. पण तो छळ तिच्या ओळखीचा असतो. आणि सुलभा परत येते तेव्हा तिला तरी घरात जागा कुठे उरते? ‘उंबरठा’ ज्या कादंबरीवर बेतला, त्या शांता निसळ यांच्या कादंबरीचं नावच ‘बेघर’ आहे.

मग प्रश्न निघाला, आपल्यापैकी कितीजणींच्या नावावर खोली आहे? एकच हात वर झाला. पुढची बैठक आम्ही त्यावरच घेतली.

म्हणून सांगते, सिनेमा निवडायची पाळी प्रत्येकीला द्या. आपल्याला न आवडणारा सिनेमाही बघा, आणि नंतर बोलायला वेळ ठेवा.