जनावरांचा रक्तनमुना : कौशल्य आणि जबाबदारी

(खुटबाव, ता. दौंड येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व पशुपालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यवत आणि केडगाव या स्थानकांच्या मधले आपले हे गाव उसाचे तसेच दुधाचे आहे. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात, घरखर्च मात्र बहुधा दुधावर चालतो. त्यामुळे गाय गाभडली किंवा दूध एकाएकी आटले, तर त्याची झळ साऱ्या कुटुंबाला लागते. अशा वेळी पशुवैद्यक रक्तनमुना घेण्यास सांगतात. हा नमुना कसा घ्यावा आणि त्या कामी गावाने कोणती दक्षता बाळगावी, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

रक्तपरीक्षेचे सामर्थ्य केवढे आहे याचे उत्तम उदाहरण म्हणजे बुळकांडी. या रोगाने पूर्वी गोठेच्या गोठे ओस पाडले. भारतात त्याची अखेरची लागण 1995 साली नोंदली गेली. परंतु रोग दिसेनासा झाला म्हणजे तो नष्ट झाला, असे म्हणता येत नाही. म्हणून लसीकरण थांबविण्यात आले आणि त्यानंतर जन्मलेल्या जनावरांच्या रक्तात रोगाची खूण सापडते काय, हे गावोगावचे नमुने घेऊन तपासण्यात आले. त्या पुराव्याच्या बळावर 2006 साली भारत आणि 2011 साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. या यशात लसीइतकाच नीट घेतलेल्या रक्तनमुन्याचाही वाटा आहे.

रक्त काढल्याने जनावर अशक्त होते व दूध घटते, अशी भीती पुष्कळांना वाटते. 400 किलो वजनाच्या गाईच्या शरीरात सुमारे 22 ते 25 लिटर रक्त असते आणि तपासणीसाठी त्यातले 5 ते 10 मिलिलिटर पुरते. तेव्हा रक्त गेल्याने गाईला अपाय होत नाही. अपाय होतो तो धसमुसळेपणाने आणि अस्वच्छ सुईने. हे काम पशुवैद्यकाने किंवा त्यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षित सेवकानेच करावयाचे आहे. मालकाने जनावर शांतपणे खोड्यात घ्यावे आणि डोके एका बाजूस वळवून पक्के धरावे. आरडाओरड व मारझोड कटाक्षाने टाळावी.

गाई-म्हशींत रक्त सामान्यतः मानेच्या शिरेतून घेतात. तेथील केस व कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडी होऊ द्यावी लागते. शिरेच्या खालच्या भागावर अंगठा दाबला की शीर फुगून स्पष्ट दिसते. नमुना मिळाल्यावर आधी अंगठ्याचा दाब सोडावा, मग सुई काढावी आणि त्या जागी कापूस थोडा वेळ दाबून धरावा. शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतूनही रक्त घेता येते. कुत्र्याचे रक्त बहुधा पुढच्या पायाच्या शिरेतून घेतात आणि त्याला 2 ते 3 मिलिलिटर सहसा पुरतात. ओळखीच्या माणसाने त्याला जवळ घेऊन तोंड बांधावे, म्हणजे ते बिथरत नाही. प्रत्येक जनावराला नवी, निर्जंतुक सुई वापरलीच पाहिजे. एकच सुई दहा जनावरांना वापरली, तर एकाच्या रक्तातील रोग उरलेल्या नऊ जणांपर्यंत जाऊ शकतो.

नमुन्याच्या नळ्या दोन प्रकारच्या असतात. गोचीडतापासारख्या रोगात रक्तातील परजीवी व पेशी पाहावयाच्या असतात. त्यासाठी रक्त न गोठविणारे औषध घातलेली नळी घेतात. ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करावी, जोराने हलवू नये. सांसर्गिक गर्भपाताच्या तपासणीस रक्तजल लागते. त्यासाठी साध्या नळीत रक्त घेऊन ती सावलीत, तिरपी व स्थिर ठेवावी. गुठळी बसली की वर गवती पिवळसर रक्तजल सुटते. ते दुसऱ्या स्वच्छ नळीत काढून बर्फाच्या थर्मासमधून प्रयोगशाळेत पाठवावे. नळी आदळली, उन्हात राहिली किंवा न गोठलेले रक्त थेट बर्फाला लागले, तर रक्तपेशी फुटतात, रक्तजल लाल होते आणि केलेला खटाटोप वाया जातो.

यानंतर येते नोंद. मालकाचे नाव, जनावराचे वय, कानातील बिल्ल्यावरील 12 अंकी क्रमांक, लक्षणे, लसीकरणाचा दिनांक आणि नमुना घेतल्याची तारीख एवढे नमुन्यासोबत गेलेच पाहिजे. सांसर्गिक गर्भपाताची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना देतात. तिचाही परिणाम रक्तात दिसू शकतो. लसीची नोंद नसेल, तर निरोगी कालवड रोगी ठरण्याचा संभव असतो. नळ्यांवरील क्रमांकांची अदलाबदल झाली, तर चांगली गाय गोठ्याबाहेर जाते आणि रोगट गाय गोठ्यात राहते. प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली, तरी ही चूक तिला उमगत नाही.

माणसाच्या सुरक्षिततेचाही येथे प्रश्न आहे. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. म्हणून हातमोजे वापरावेत, गाभडलेले वासरू व वार उघड्या हाताने उचलू नये आणि दूध उकळूनच प्यावे. जनावर अचानक दगावून नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरावा. ते प्रेत चिरू नये. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर तपासतात. प्रेत उघडल्यास जंतूंचे चिवट बीजाणू तयार होऊन ती जमीन वर्षानुवर्षे धोक्याची राहते.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते आणि तेथून ती खबर पशुवैद्यकाकडे जावयाची असते. पंचायतीने गावात एक मजबूत खोडा सुस्थितीत ठेवला आणि खबर त्याच दिवशी पोहोचविली, तर निम्मे काम झाले. शिक्षकांनी मुलांना बिल्ल्याचा क्रमांक वाचून वहीत उतरविण्यास शिकवावे. औंधच्या रोग अन्वेषण विभागातील तपासणीचा निष्कर्ष अखेर आपल्या गोठ्यातून गेलेल्या नळीवरच अवलंबून असतो. ती नळी स्वच्छ, शाबूत आणि योग्य नोंदीसह जाईल, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.