दम लागण्यापूर्वीचे बळ

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेने निघाले, म्हणजे सुमारे १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला लागतो. खंदक ओलांडून, अंधारीचा भुयारी मार्ग मागे टाकून वरच्या पायऱ्यांशी आलेले तरुण पुष्कळदा पैज लावून धावत सुटतात. त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळून येते. पहिल्या दहावीस पायऱ्या भरधाव चढताना दम असा लागलेलाच नसतो. तो लागतो थोड्या वेळाने, आणि गडी थांबून भिंतीला टेकला तरी त्याच्या छातीचा भाता कितीतरी वेळ चालूच राहतो. श्रम आधी आणि श्वास मागाहून, असा हा उलटा क्रम का असावा?

स्नायूचा तंतू आकुंचन पावतो तो एकाच पदार्थाच्या बळावर. त्याचे रासायनिक नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी. स्नायूतील याचा साठा इतका अल्प असतो, की सर्व शक्तीनिशी धावल्यास तो दोनतीन सेकंदांतच संपावा. प्रत्यक्षात तो संपत नाही, कारण त्याच्या शेजारीच क्रिएटिन फॉस्फेट नावाचा दुसरा साठा सिद्ध असतो. एटीपी खर्ची पडताच हा आपला फॉस्फेट देऊन त्याची भरपाई करतो. या व्यवहारास प्राणवायूची मुळीच गरज लागत नाही. मात्र ही शिलकीची रक्कम दहाएक सेकंदच पुरते.

दुसरी सोय स्नायूतच साठविलेल्या ग्लायकोजेनची. प्राणवायूवाचून त्याचे विघटन होते, ऊर्जा झपाट्याने मिळते व लॅक्टिक आम्ल तयार होते. ही सोय वेगवान खरी, पण उधळी. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने एटीपीचे केवळ २ रेणू हाती येतात; तोच रेणू प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जाळला तर सुमारे ३० मिळतात. पण फुप्फुसे, हृदय व रक्त यांनी तो प्राणवायू स्नायूपर्यंत पोहोचवावयाचा, त्यास अवधी लागतो. एक मार्ग संपल्यावर दुसरा सुरू होतो असे मात्र कोणी समजू नये. तिन्ही आरंभापासूनच चालू असतात; कालमानाप्रमाणे प्रत्येकाचा वाटा तेवढा बदलतो.

क्रिएटिन फॉस्फेटच्या शोधात एका भारतीयाचा हात आहे, व त्याचे नाव घरोघर ठाऊक असावयास हवे होते. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासह अमेरिकेतील हार्वर्ड येथे १९२७ साली हा पदार्थ शोधून काढला. तोपर्यंत लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू आखडतो, असा विद्वानांचा समज होता. १९३० साली डेन्मार्कचे लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूत ते आम्ल तयारच होऊ नये अशी विषयोजना केली. तरीही तो स्नायू काही काळ काम करीत राहिला, आणि खर्च होत गेले ते क्रिएटिन फॉस्फेट! जुन्या मताचा पाया अर्थातच ढासळला.

थांबल्यानंतरच्या धापेस इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी प्राणवायूचे ऋण म्हटले. उपमा चपखल आहे. मात्र त्या धापेतील सर्वच प्राणवायू ऋणफेडीस जात नाही. काही भाग तापलेल्या शरीराच्या व धडधडणाऱ्या हृदयाच्या वाढलेल्या गरजेपायी खर्च होतो.

बिचाऱ्या लॅक्टिक आम्लाची बदनामी अद्याप सरलेली नाही. देवगिरीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, की दोष त्याच्याच माथी मारला जातो. वस्तुतः तासाभरात ते रक्तातून बहुतांशी नाहीसे झालेले असते. हृदय ते इंधन म्हणून जाळते, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनविते. दुखणे येते ते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेने, आणि ती चढण्यापेक्षा उतरताना अधिक होते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नव्हे. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांस १०० मीटर व १६०० मीटर अशा दोन्ही शर्यती धावाव्या लागतात, आणि कित्येक घरांची मीठभाकरी त्या काही सेकंदांवर अवलंबून असते. १०० मीटरांचा बहुतेक भार श्वासाविना चालणाऱ्या पहिल्या दोन मार्गांवर पडतो; पाचसहा मिनिटांच्या १६०० मीटरांत मात्र सुमारे चारपंचमांश ऊर्जा श्वासातून येते. म्हणून रोज पहाटे केवळ लांब पल्ला धावणाऱ्याचा आरंभीचा झपाटा वाढत नाही, आणि नुसत्या झेपा घेणारा तिसऱ्या फेरीत गळतो. जोराच्या दोन धावांमध्ये तीन ते पाच मिनिटे विसावा घ्यावा. तेवढ्यात क्रिएटिन फॉस्फेटचा साठा जवळजवळ पूर्ववत होतो. त्याआधीच पुन्हा धावणाऱ्यास घाम पुष्कळ येईल, पण वेगाचा सराव घडणार नाही.