पोटातला संशयित

मराठीत पोटाला मोठा मान आहे. दुसऱ्याचे अपराध आपण पोटात घालतो, गुपितं पोटात ठेवतो, कुणाचं बरं झालं की काहींच्या पोटात दुखतंही. पण खरोखरीच पोट दुखू लागलं, शौचावाटे रक्त पडू लागलं, की हीच भाषा मुकी होते. चारचौघांत हे कसं सांगायचं? म्हणून आज इथे सांगतो. मी डॉक्टर नाही, बी. ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. पण हे दुखणं आमच्या घरात मुक्कामाला आलं आणि मला वाचावं, विचारावं लागलं.

आतड्यांचा वर्षानुवर्षं टिकणारा दाह, असं या दुखण्याचं स्वरूप. डॉक्टर त्याला 'आयबीडी' म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो. क्रोन्सचा आजार मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटाला. पोटात कळा, जुलाब, ताप, घटत जाणारं वजन. मध्येच बरं वाटतं, पुन्हा उचल खातं. हे होतं कशामुळे? एखाद्या जंतूमुळे का? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह 1932 साली चौदा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. पण त्याआधी, 1913 मध्ये, ग्लासगोचे सर्जन डॅल्झिएल यांनी असेच रुग्ण पाहिले होते. त्यांना ही आतडी गुरांच्या एका रोगासारखी वाटली. आपल्याकडे पशुवैद्य त्याला 'जोन्स' म्हणतात. जनावर खातं-पितं, पण सतत हगवण लागून खंगत जातं. या रोगाचा जंतू 1895 साली जर्मनीत एका गाईच्या आतड्यात दिसला होता. तो क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद. डॅल्झिएल यांना माणसाच्या आतड्यात तो सापडला नाही, पण संशय मागे राहिला.

पुढे 1984 मध्ये अमेरिकेत चिओडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यातून तसाच जंतू वाढवून दाखवला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात आणखी एक नवल घडत होतं. जठराचा अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, असं तोवर सगळे मानत. वॉरन आणि मार्शल यांनी त्यामागे जंतू असल्याचं दाखवलं. मार्शल यांनी तर 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. मग क्रोन्सचंही तसंच असेल, गोळ्या घेतल्या की आजार गेला, अशी आशा अनेकांना वाटली. वाटणारच.

ही आशा ऑस्ट्रेलियातच तपासली गेली. 213 रुग्णांपैकी काहींना दोन वर्षांपर्यंत तीन प्रतिजैविकं एकत्र दिली, काहींना नुसत्या दिसायला सारख्या गोळ्या. तिघांपैकी एक औषध क्लोफाझिमिन, आपल्याकडे कुष्ठरोग्यांना अनेक वर्षं दिलं जाणारं. निष्कर्ष 2007 मध्ये आले. पहिल्या सोळा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी जास्त जणांना आराम पडला. पुढे मात्र तो फरक टिकला नाही. संशयितावर गुन्हा शाबीत झाला नाही. तो निर्दोष सुटला, असंही सगळे शास्त्रज्ञ मानत नाहीत.

दरम्यान तपासाची दिशाच बदलली. काही रुग्णांत बिघडलेला आढळणारा एक जनुक 2001 मध्ये सापडला. त्याचं काम काय, तर जंतूंची ओळख पटवणं! काहींच्या आतड्यांत भिंतीला चिकटून आत शिरणारे ई-कोलाय जंतू दिसले. काहींत दाह शमवणारे उपकारक जंतूच कमी भरले. आज बहुतेक तज्ज्ञ असं मानतात की वाड्यात बाहेरून एकटा चोर शिरलेला नाही. आतड्यात नांदणाऱ्या अब्जावधी भाडेकरूंची घडी विस्कटली आहे आणि बिथरलेला राखणदार घरावरच लाठी चालवतो आहे. म्हणून आजची बरीचशी औषधं या राखणदाराला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, आवरणारी आहेत.

आणि इथेच आपल्या देशात खरी पंचाईत होते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांची जागा बहुधा तीच, व्रण तसेच, आतड्याचा तुकडा तपासला तरी कधी कधी निकाल लागत नाही. माझ्या भाच्याला बाविसाव्या वर्षी टीबी सांगितला गेला. त्याने महिनोन्महिने गोळ्या घेतल्या, वजन घटतच राहिलं. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा क्रोन्स ठरला. माझी बहीण विचारत राहिली, "मग इतके दिवस पोरानं कशाच्या गोळ्या खाल्ल्या?" तिचं दुःख खरं होतं. पण टीबी इथे एवढा आहे की संशय असेल तर आधी त्याचीच औषधं देणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. कारण उलटी चूक जास्त घातक आहे. टीबी असताना क्रोन्स समजून राखणदाराला गुंगी आणली, तर क्षय अंगभर पसरू शकतो.

म्हणून टीबीची औषधं सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी व्रण भरताहेत का, हे पुन्हा पाहायचं का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. बरं वाटलं म्हणून औषध मनाने सोडू नका. जंतूचं काहीबाही ऐकून दुकानातून प्रतिजैविकं आणू नका. क्रोन्स असेल तर विडी-सिगारेट बंद करा, तिने तो बळावतो. रमजानचे रोजे असोत की एकादशी, उपास धरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. माझा भाचा दर वर्षी घेतो.

आणि बोला. शौचाला किती वेळा जावं लागतं, रक्त पडतं का, रात्री उठावं लागतं का, हे न लाजता सांगा. पोटात एक आणि ओठांत एक नसावं, असं आपण म्हणतो. निदान डॉक्टरांसमोर तरी ते पाळू या.