टोकियोतला चोवीस तासांचा पास



मुलाकडे टोकियोला तीन आठवडे राहून आले. तो सकाळीच कामावर जाई. मग मी काय भिंती बघत बसायचे? परदेशी पाहुण्यांना भुयारी गाडीचा २४ तासांचा पास मिळतो. तो माझा पासपोर्ट दाखवून काढला. तास पहिल्या वापरापासून मोजतात. म्हणून मी दुपारी दोनला सुरू करी. दुसऱ्या दिवशीची सकाळही त्यातच निघे! १३ मार्गांवर कितीदाही चढा-उतरा. शहराभोवती फिरणारी यामानोते मात्र निराळ्या रेल्वेची. तिला हा पास चालत नाही.

मी सातवी शिकलेली. जपानी अक्षरे म्हणजे मला नुसती नक्षी. पण प्रत्येक स्टेशनाला एक अक्षर नि आकडा असतो. गिंझा मार्गाचे अक्षर ‘जी’. उएनो १६, आसाकुसा १९. आकडा वाढतोय ना, मग गाडी बरोबर! हाच तुकडा १९२७ साली प्रथम सुरू झाला.

आसाकुसाला सेन्सोजी मंदिरात कान्नोनचे, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचे, स्थान आहे. हात जोडून बाहेर आले, तोच मुलाचा फोन: ‘आई, आहेस कुठे?’

म्हटले, ‘जी एकोणीस. येताना काही आणू का?’