बुडालेल्याला आधी श्वास द्या

नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे गाव सर्वांत आधी बुडालं, ते अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. डोंगरावर सरकलेल्या इथल्या वस्त्यांची बरीच ये-जा आजही होडीनं होते. नर्मदेकाठच्या गावांसाठी दवाखानाही बोटीवरून फिरतो. अशा ठिकाणी कुणी बुडालं, तर पहिली काही मिनिटं काठावरच्या माणसांच्याच हाती असतात.

हृदय बंद पडलं की छाती दाबायची, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर आलं आहे. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी 2017 साली सामान्य माणसासाठी जी पद्धत आखून दिली, तिच्यात नुसती छाती दाबायला सांगितली आहे. चालताबोलता कोसळलेल्या माणसाच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. ते रक्त मेंदूपर्यंत ढकलत राहणं महत्त्वाचं.

बुडालेल्याचं तसं नसतं. त्याचा श्वास आधी कोंडतो, रक्तातला प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबतं. नुसती छाती दाबून तेच प्राणवायू संपलेलं रक्त फिरतं. म्हणून बुडालेल्याला आधी श्वास द्यावा, असं तज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या सूचनांत सुरुवातीला दोन श्वास आहेत, युरोपात पाच.

पण श्वासाचाही अतिरेक नको. 2004 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत संशोधकांना दिसलं की, रुग्णवाहिकेतले प्रशिक्षित लोकसुद्धा घाईत मिनिटाला सरासरी तीस श्वास देत होते. डुकरांवरच्या प्रयोगात मिनिटाला बारा श्वास दिलेल्या सातांपैकी सहा जगली, तीस दिलेल्या सातांपैकी एकच. फार हवा कोंबली की छातीत दाब वाढतो आणि हृदयाकडे रक्त परतत नाही. उलट, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं की, मदतनीस श्वास देत असूनही निम्म्याहून अधिक रुग्णांच्या फुफ्फुसात हवा नीट पोचतच नव्हती. ज्यांना ती पोचली, त्यांच्यात वाचणाऱ्यांचं प्रमाण तिपटीहून जास्त होतं.

तेव्हा मोठ्या माणसाला पाण्यातून काढल्यावर उलटं धरू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. हाक मारा, श्वास पाहा, कुणाला तरी 108 ला फोन करायला लावा. श्वास नसेल तर उताणं झोपवून हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि छाती उचललेली दिसेल एवढीच फुंकर सेकंदभर घाला. असे दोन श्वास दिले, की छातीच्या मधोमध तीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. श्वास देणं जमलंच नाही, तर निदान छाती दाबत राहा.

हे ऐकून येत नाही, हातानं करूनच येतं. नर्मदाकाठच्या प्रत्येक होडीवाल्याला, आशाताईला आणि आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलांना ते शिकवायलाच हवं. आरोग्य खात्यानं आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी शिबिरं पावसाळ्याआधी घ्यावीत.