चौथ्या नंबरचा मुलगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मी माझ्या नोकरीच्या काळात किती वेळा वापरली असेल, याचा हिशेब नाही. मुलुंडच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो. कुणी मुलगा सकाळी पोहायला, संध्याकाळी धावायला आणि रविवारी आणखी कशाला जायला लागला की मी त्याला बाजूला घेऊन ही म्हण ऐकवायचो. पालकांना ते पटायचं. मलाही पटायचं. आज मी तुम्हाला एका रशियन खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. ती मला आधी कळली असती, तर निदान एका मुलाला तरी मी ही म्हण ऐकवली नसती.

या खेळाडूचं नाव आंद्रेई मोइसेयेव. जन्म १९७९ सालचा, दोन नदीकाठच्या रोस्तोव शहरातला. नदीचं नावच दोन, रोस्तोवची ती ओळख. मोइसेयेव मूळचा पोहणारा. पण त्याने नाव कमावलं ते मॉडर्न पेंटॅथलॉन या खेळात. हा एक खेळ नव्हे, पाच खेळांचा संच आहे. त्याच्या काळी त्यात होते पिस्तुलाने नेमबाजी, तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी आणि धावणं. पाचही खेळांचे गुण एकत्र धरायचे आणि त्यावर विजेता ठरवायचा.

आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कूबेर्तां यांच्या आग्रहामुळे १९१२ साली स्टॉकहोमला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्यामागची कल्पना अशी सांगतात. घोडदळातला एक अधिकारी शत्रूच्या मुलखात अडकला आहे. हाती लागेल त्या घोड्यावर त्याने मांड ठोकायची, पिस्तूल आणि तलवार चालवत वाट काढायची, नदी पोहून जायची आणि उरलेलं अंतर धावत कापायचं. म्हणूनच सुरुवातीची चाळीस वर्षं हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांचाच राहिला. १९५२ साली हेलसिंकीत लार्स हॉल नावाच्या एका स्वीडिश सुताराने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती परंपरा मोडली. याच हॉलने १९५६ साली मेलबर्नलाही सुवर्ण मिळवलं. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक विजेतेपद मिळवणारा तो पहिला.

दुसरा होता मोइसेयेव. २००४ साली अथेन्सला त्याने ५४८० गुण मिळवून सुवर्ण जिंकलं, २००८ साली बीजिंगला ५६३२ गुण मिळवून पुन्हा जिंकलं. त्याच्या आधी २००० साली सिडनीत त्याच्याच देशाच्या द्मित्री स्वात्कोव्स्कीने सुवर्ण मिळवलं होतं, म्हणजे रशियाचा हा ओळीने तिसरा विजय.

या आकड्यांचा अर्थ जरा समजून घेऊ. त्या काळच्या नियमांत प्रत्येक खेळात एक ठरावीक दर्जा गाठला की १००० गुण मिळत. पाच खेळांचे झाले ५०००. मोइसेयेवने त्यावर काही शे गुण जास्त मिळवले, एवढंच. यात डोळे दिपतील असं एकट्या कुठल्या खेळात काही नाही. आता हे बघा. बीजिंगमध्येच मायकेल फेल्प्सने २०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४२.९६ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. पेंटॅथलॉनवाल्यांना तेच अंतर पोहायला साधारण दोन मिनिटं लागतात. नुसत्या पोहण्यात उतरला असता तर हाच मोइसेयेव पहिल्या फेरीतच बाहेर पडला असता. नुसत्या धावण्यात, नुसत्या तलवारबाजीतही तेच. तरीही तो दोनदा ऑलिंपिक विजेता झाला, कारण पाचांपैकी एकाही पेपरात तो नापास होत नव्हता.

आणि हे पाच पेपर एकाच दिवशी. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून सगळे खेळ एका दिवसात उरकायचे, असा नियम आला. मोइसेयेवच्या काळी सकाळी १० मीटरवरून २० गोळ्या झाडायच्या, तेव्हा हात दगडासारखा स्थिर लागे. मग एकेका प्रतिस्पर्ध्याशी एका वाराची लढत. ज्याचा वार आधी लागला, तो जिंकला. मग पोहणं. मग घोडा. हा घोडा आपला नसे, चिठ्ठी टाकून मिळे. ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. तेवढ्यात त्याचा स्वभाव ओळखायचा आणि त्याला अडथळ्यांवरून उडवायचं. शेवटी ३००० मीटर धावणं. त्यात गुणांच्या फरकाप्रमाणे खेळाडूंना पुढेमागे सोडत, म्हणजे शेवटची रेघ जो आधी ओलांडेल, तो विजेता.

पोहणाऱ्या मुलाला हे सगळं कसं जमलं असेल? जो खेळ येतो, त्याचा सराव करायला मजा येते. जो येत नाही, त्याच्याकडे रोज सकाळी जायचं म्हणजे रोज स्वतःची फजिती करून घ्यायची. मोइसेयेवने हे वर्षानुवर्षं केलं. २०११ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मॉस्कोत तो जागतिक विजेता झाला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र त्याला पदक मिळालं नाही. पुढे २०१६ साली रिओमध्ये रशियाला पुन्हा सुवर्ण मिळवून दिलं ते बेलारूसमध्ये जन्मलेल्या अलेक्सांद्र लेसुनने.

आता माझ्या मुलाकडे येतो. माझा म्हणजे माझ्या शाळेतला. पहाटे पाचला तो मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडासंकुलात पोहायला जायचा, तिथून ओल्या केसांनी थेट शाळेत. आंतरशालेय स्पर्धेत पोहण्यात चौथा आला. धावण्यात चौथा आला. पुढच्या वर्षी पुन्हा दोन्हीकडे चौथा. नववीत मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, “एक काहीतरी धरायला सांगा. एक ना धड...” वडिलांनी मान डोलावली. मुलाने एक धरलं नाही, दोन्ही सोडली. दहावीचं वर्ष आलंच होतं.

मध्यंतरी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर, मेट्रोच्या गर्दीत, कुणीतरी पायाला हात लावला. तोच होता. अंधेरीला नोकरी करतो म्हणाला. मी विचारलं, “अरे, पोहतोस का आता?” तो हसला. म्हणाला, “नाही सर. मी सगळीकडे चौथाच होतो ना.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाईट वाटलं ते त्याचंच. इतक्या वर्षांनीही माझा तो निकाल त्याने खरा धरून ठेवला होता.

तुम्ही म्हणाल, मुलुंडच्या मुलाने घोडा कुठून आणायचा होता? खरं आहे. नेमबाजी म्हटली की वरळी, घोडा म्हटला की महालक्ष्मी, आणि घोड्याचा खर्च कुणाच्या बापाला झेपणार! पण आता तो प्रश्नही उरलेला नाही. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीची अनिका श्लॉय सगळ्यांच्या पुढे होती. चिठ्ठीत आलेला घोडा अडून बसला, ती भर मैदानात रडली, तिच्या प्रशिक्षकाने घोड्याला ठोसा मारला म्हणून त्यांना स्पर्धेबाहेर काढलं. जगभर गहजब झाला. अखेर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर या खेळातून घोडा गेला आणि त्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. गोळ्यांची पिस्तुलंही त्याआधीच जाऊन लेझर पिस्तुलं आली होती. २०२३च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत आपला मयंक चाफेकर या खेळात भारताकडून उतरला. म्हणजे हा खेळ आता आपल्या दारापर्यंत आला आहे.

प्रत्येक चौथा येणारा मुलगा मोइसेयेव होईल, असं मी म्हणत नाही. पण शाळेच्या निकालपत्रात दोन-तीन खेळांत चौथा नंबर दिसला, तर त्याला चिंध्या म्हणू नका. आपल्या आज्यांनी चिंध्यांच्याच गोधड्या शिवल्या आणि आपण त्या पांघरून वाढलो. मुलाला पोहू द्या, धावू द्या. कुठला खेळ धरायचा, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

घाटकोपरच्या पुलावर गर्दीने आम्हाला पुढे ढकललं आणि त्याला हे सांगायचं राहून गेलं. आज तो ऐकत असेल, तर त्याच्यासाठी सांगतो, माझं चुकलं होतं.