वही वाचा, गांव वाचवा
(भोर भागांतील एका मेळाव्यांत केलेलें भाषण)



भोर संस्थान 1948 सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. तोंपर्यंत हुकूम वाड्यांतून येई आणि सारा वाड्यांत जाई. आतां राजा गेला. गांवचा कारभार गांवानेंच करावा म्हणून 1958 सालीं ग्रामपंचायतीचा कायदा झाला. पण आपण तो करतों काय?

पाण्याचेंच पाहा. येळवंडीवर भाटघरचें धरण 1928 सालीं पुरें झालें. तें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, फलटणकडे गेलें. पुढें पानशेत, गुंजवणी, नीरा-देवघर हीं धरणें झालीं. पाऊस भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर पडतो, बुडतात त्या जमिनीही आपल्याच. आणि वैशाखांत वरच्या वाडीची बाई रिकामा हंडा घेऊन झऱ्याशीं बसते! खालच्या शेतकऱ्याचा ह्यांत दोष नाहीं, तोही आपलाच भाऊ. पण आपल्या वाट्याचें मागणार कोण? जोतीराव फुल्यांनीं 1883 सालींच 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पावसाचें पाणी बांध घालून जमिनींत मुरवावें असें सांगितलें होतें. तेवढें काम तर गांवालाही करतां येतें.

कायदा पंचायतीस सांगतो कीं, पिण्याचें पाणी, रस्ते, दिवाबत्ती, सफाई, शेती, गुरें, रान व कारागिरांचे धंदे यांची तजवीज फंडाच्या ऐपतीप्रमाणें करा. आपल्या उत्पन्नांतील 15 टक्के मागासलेल्या बांधवांसाठीं खर्च करा. वर्षांत निदान 4 ग्रामसभा भरवा, आणि त्यांच्या आधीं बायांची सभा घ्या. 2011 पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत. मग खुर्ची बाईची आणि शिक्का नवऱ्याच्या खिशांत, हा खेळ कशाला?

आतां देवराईचें ऐका. देवाच्या धाकानें वाडवडिलांनीं तिथें कुऱ्हाड घातली नाहीं, म्हणून झरे राहिले. 2002 च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक पंचायतीनें समिती नेमून गांवच्या झाडापाल्याची, बी-बियाण्याची नोंदवही ठेवावयाची आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानें आपलें सामाईक रान राखण्याचा हक्क ग्रामसभेस मिळूं शकतो. धाक सरला असेल तर अक्कल तरी चालवा. राई तुटली कीं झरा आटेल, झरा आटला कीं पोरगा पुण्यास हमालीला जाईल, आणि मागें राहिलेली जमीन दलाल घेईल.

म्हणून येत्या ग्रामसभेस घरटीं एक बाई व एक पुरुष जा. जमाखर्च मोठ्यानें वाचावयास लावा. तुमचा प्रश्न कार्यवृत्तांत लिहिल्यावांचून उठूं नका. कुंभार, लोहार, बुरूड यांना पुढें बसवा. गांव त्यांचेंही आहे.

पूर्वीं कुळकर्ण्याची वही आपल्याला वाचतां येत नव्हती, म्हणून आपण नागवले गेलों. आज वही आपली आहे आणि घरांत शिकलेलीं मुलें आहेत. आतांही ती न वाचली, तर दोष कोणाच्या माथीं मारणार?